तिसाव्या राष्ट्राध्यक्षाचं पान

एकदा एका घरी अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष कुरिअरने आले. पंचेचाळीस चेहरे, नऊ-नऊच्या पाच ओळी, प्रत्येकाखाली नाव आणि साल, वरून चकचकीत प्लास्टिक. पुठ्ठ्याच्या नळीतून बाहेर काढला की तो तक्ता आपण होऊन गुंडाळला जाई, म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या उपड्या ठेवाव्या लागत. भिंतीला चिकटपट्टीने लावून पाहिला, तर वैशाखाच्या उन्हाने दुपारी तीनच्या सुमारास तो खाली येई. घरातली माणसेही साधारण त्याच सुमारास आडवी होत.

जागी असे ती एकटी धाकटी सून. तिचे नाव शलाका. लग्न होऊन सहा महिने झाले होते. बोलणे कमी, पाहणे जास्त, असा तिचा स्वभाव; त्यामुळे सासरी तिच्याविषयी दोन मते होती. एक, मुलगी गुणी आहे. दुसरे, मुलगी आतल्या गाठीची आहे. दोन्ही मते तिच्या सासूबाईंचीच होती.

चार वाजता ती राष्ट्राध्यक्षांचा तास घेई.

हे काम तिच्याकडे आले ते असे. थोरले दीर कौस्तुभ तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेला गेले. कागदपत्रांचा घोळ होत राहिला. त्यांना मधे येता आले नाही आणि बायको-मुलांना जाता आले नाही. आता सगळे मार्गी लागले होते. जूनच्या दहा तारखेला थोरली जाऊ रेवती, सात वर्षांचा निहार आणि पाच वर्षांची जुई विमानात बसणार होती. दर रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर कौस्तुभ दिसत. अशाच एका रविवारी ते म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी आहे, चार वर्षांची. परवा कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने सगळे प्रेसिडेंट एका दमात म्हणून दाखवले. आपली मुलं इथे येऊन मागे पडायला नकोत. तक्ता पाठवतोय."

"शिकवणार कोण?" रेवतीने विचारले. तिच्यासमोर चार उघड्या बॅगा आणि वजनाचा काटा होता.

"शलाका आहे की," सासूबाई म्हणाल्या. "इतिहासाची ना तू? मग झालं तर."

शलाकाने एम. ए.ला पेशवेकालीन पाणीपुरवठा अभ्यासला होता. अमेरिकेशी तिचा संबंध एका प्रश्नापुरता आला होता, आणि तो प्रश्नही तिने पर्यायात सोडून दिला होता. पण ती 'बरं' म्हणाली. नव्या सुनेने कशाला नाही म्हणू नये, असे तिला कुणी सांगितले नव्हते. ते तिला हवेतूनच कळले होते.

शिवाय नावे पाठ करून मागणीबरहुकूम म्हणून दाखवणे, ही विद्या तिला अलीकडेच चांगली अवगत झाली होती. लग्नापासून ज्या घरी जावे तिथे कुणीतरी वाटी पुढे करी आणि म्हणे, "नाव घे गं." मग ती नवऱ्याचे नाव घेई. पराग हे नाव कमळाशी जुळे, बागेशी जुळे, सोनेरी धाग्याशी ओढूनताणून जुळे. परागचे पोस्टिंग दीडशे किलोमीटरवर होते आणि तो पंधरवड्यातून एका शनिवारी घरी येई. त्याचे नाव तिने त्याला जितक्या वेळा पाहिले त्याहून जास्त वेळा घेतले होते.

तर तीच युक्ती तिने राष्ट्राध्यक्षांना लावली. नावांना ताल दिला, टाळ्या दिल्या, पायऱ्या दिल्या; एका पायरीवर एक अध्यक्ष. निहार सतराव्या पायरीपर्यंत पोचे आणि मग गच्चीवर निघून जाई. जुई चौथीवर थांबे. रुसून नव्हे, दमून नव्हे. नुसती थांबे आणि फ्रॉकची कॉलर तोंडात घेई. रविवारी फोन आला की कौस्तुभ म्हणत, "हं जुई, चल, म्हण बघू," आणि ती पडद्यामागे जाऊन उभी राही. खाली तिची पावले दिसत.

"लाजते," रेवती फोनला सांगे.

"सवय मोडायला हवी," फोन म्हणे.

तीन आठवडे असे गेले. शलाका दमली होती. सकाळचा स्वयंपाक, दुपारच्या पापड-कुरडया, निरोपाला येणाऱ्या पाहुण्यांचे चहा, आणि या सगळ्यांच्या मधोमध पंचेचाळीस गंभीर चेहऱ्यांची माणसे, ज्यांच्यापैकी एकही तिला कामात हातभार लावत नव्हता. 

एका दुपारी ती कपाटात धुतलेले कपडे ठेवायला गेली, तर जुईच्या कप्प्यात तीन नवे फ्रॉक. हे फ्रॉक परवाच रेवतीने बॅगेत भरले होते, शलाकाने पाहिले होते. बाजूला जुईची पाण्याची बाटली, मोजे, आणि कान तुटलेला कापडी ससा. सगळे नीट घड्या घालून ठेवलेले; सशाचीसुद्धा घडी घातलेली.

"हे कुणी काढलं गं?"

"मी," जुई म्हणाली.

"का?"

"मी आजीजवळ राहणार आहे." थोडा वेळ कॉलर चावून झाल्यावर तिने विचारले, "काकू, विमानात चढताना तीच नावं विचारतात की दुसरी?"

शलाका खाली बसली. "विमानात नावं विचारतात असं कुणी सांगितलं?"

"आजी म्हणाली. नावं आली नाहीत तर बाबा विमानात घेणार नाहीत. दादाला सतरा येतात. त्याला घेतील." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. बाजारात भाजी महाग झाली हे मोठी माणसे जसे सांगतात, तसे सांगितले.

सासूबाई ते गमतीने म्हणाल्या असणार, आणि म्हणून विसरूनही गेल्या असणार. शलाकाने जुईला सांगितले, की असे काही नसते, बाबा वाट पाहताहेत. जुईने ऐकून घेतले. पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते, की तिचा विश्वास बसला नाही. बसावा कसा? बाबा गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला ठाऊक असलेले बाबा म्हणजे रविवारी सकाळी फोनमधून नावे विचारणारा एक माणूस.

निघायला तेवीस दिवस उरले होते.

गल्लीच्या टोकाला एक वृद्ध मास्तर राहत. शहाऐंशी वर्षांचे, एकटे. गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना त्यांनी चौथीपर्यंत शिकवले होते, शलाकाच्या सासूबाईंनाही. अलीकडे डोळे अधू झाल्याने शलाका रोज पाचला जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. ही सासूबाईंचीच सूचना. "नाहीतरी घरात तोंड उघडत नाहीस, तिथे तरी उघड," असे त्या म्हणाल्या होत्या. तो अर्धा तास शलाकाच्या दिवसातला एकमेव असा होता, ज्यात तिला बसायला खुर्ची मिळे.

त्या दिवशी तिने वर्तमानपत्र काखेत मारले, एका हातात तक्त्याची नळी घेतली, दुसऱ्या हातात जुईचा हात. मास्तरांना जे होते ते सांगितले, फ्रॉकचेही सांगितले. मग म्हणाली, "पाठांतराची एखादी युक्ती असेल तर सांगा, मास्तर. मी थकले."

मास्तरांनी तक्ता खाटेवर पसरायला लावला. नाक जवळजवळ टेकवून ते सगळ्या ओळींवरून फिरले, मुंग्यांची रांग पाहावी तसे. मग जुईला म्हणाले, "यातला तुला कोण बरा वाटतो?"

जुई बराच वेळ पाहत राहिली. शेवटी चौथ्या ओळीतल्या एकावर तिने बोट ठेवले. ओठ घट्ट मिटलेला, केस चापून बसवलेला एक माणूस.

"हाच का?"

"हा रुसलाय," जुई म्हणाली.

मास्तरांनी उशाखालून कात्री काढली आणि शलाका काही म्हणायच्या आत तो माणूस तक्त्यातून कापून घेतला. सरळ, चारही बाजूंनी. उरलेल्या चव्वेचाळीस जणांची गुंडाळी केली आणि ती आपल्या गादीखाली सरकवली. कापलेले चित्र त्यांनी जुईच्या हातात दिले.

"याला आठ दिवस तुमच्याकडे जेवायला बोलवा. रोज रात्री पान मांडा. पाहुणा आहे, तेव्हा काय हवं-नको ते विचारा, कुठला, कोण, घरी कोण असतं, सगळं. बाकीच्यांचं नाव काढायचं नाही."

शलाका भोक पडलेल्या तक्त्याचा विचार करत होती. कौस्तुभभाऊजींनी तो अमेरिकेहून पाठवला होता. "पण मास्तर, भाऊजी पंचेचाळीस विचारणार. एकाने काय होणार?"

"पेपर वाच," मास्तर म्हणाले. "पावसाचं काय म्हणतात?"

रात्री ताटे घेताना शलाकाने एक पाट जास्तीचा मांडला, त्यापुढे ताट, आणि ताटामागे तांब्याला टेकवून ते चित्र उभे केले.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. "हे कोण?"

"कॅल्विन कूलिज. अमेरिकेचे तिसावे अध्यक्ष."

"आहेत का गेले?"

"गेले. नव्वद वर्षांहून जास्त झाली."

"मग गेलेल्या माणसाचं पान वैशाखात मांडतेस? पितृपक्ष आहे का? आणि आपला कोण लागतो तो? ना आपल्या गोत्राचा, ना गावाचा."

"मास्तरांनी सांगितलंय," शलाका म्हणाली.

सासूबाईंचा हात नकळत दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गेला. साठ वर्षांपूर्वी तिसरीत तिथे दोन छड्या बसल्या होत्या. "सांगितलंय का? मग मांड. पण मीठ वाढू नकोस आधी. आणि नंतर ते पान कावळ्याला ठेवायचं का काय?"

"मी खातो," निहार म्हणाला. अशा रीतीने त्या प्रश्नाचा निकाल लागला.

पहिल्या रात्री पाहुण्याला विचारायचे काय, हेच कुणाला सुचेना. मग जुईने विचारले, "याला तिखट चालतं?" शलाकाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, तिने फोनवर शोधले, वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही आणले. तिखटाचे काही सापडले नाही. पण नाश्त्याला तो गहू शिजवून खाई, असे एके ठिकाणी होते.

"म्हणजे आपली खीर," सासूबाई म्हणाल्या. "गुळाशिवाय. म्हणूनच तोंड असं."

तिसऱ्या रात्री रॅकूनची गोष्ट निघाली. कुणीतरी त्याला सणाच्या जेवणासाठी एक जिवंत रॅकून भेट पाठवला. मांजराहून मोठा, शेपटीला पट्टे, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखा. त्याने तो कापू दिला नाही. रेबेका असे नाव ठेवून घरात पाळला. त्या रात्री गच्चीकडे निघालेला निहार पाचच पायऱ्या चढून परत आला आणि पाहुण्याशेजारची जागा त्याने स्वतः धरली. चौथ्या रात्री जुईने विचारले, की हा रुसला कशाने. शलाकाने सांगितले, की तो रुसलेला नाही, त्याला मुळातच बोलायला कमी लागे. एका बाईने म्हणे जेवताना त्याला सांगितले, मी पैज लावली आहे, तुमच्याकडून तीन शब्द तरी बोलवून घेईन. तो म्हणाला, "तुम्ही हरलात," आणि जेवत राहिला.

रेवती हसली. बॅगा भरायला लागल्यापासून ती प्रथमच हसली असेल. "आपल्या शलाकाचा भाऊच की," ती म्हणाली.

पाचव्या रात्री शलाकाने सांगितले, की तो अध्यक्ष झाला तेव्हा वडिलांच्या खेड्यातल्या घरी सुट्टीला आला होता. तेव्हा तो उपाध्यक्ष होता. मध्यरात्री अध्यक्ष अचानक वारल्याचा निरोप आला. घरात वीज नव्हती. मग रॉकेलच्या दिव्यापाशी त्याच्या वडिलांनीच त्याला शपथ दिली, आणि शपथ झाल्यावर तो पुन्हा झोपायला गेला.

जुईचा घास हातात राहिला. "त्याच्या बाबांनी?"

"हो."

"त्यांनी नावं विचारली त्याला?"

"नाही. हात वर कर म्हणाले असतील फक्त."

जुई चित्राकडे पाहत राहिली. मग तिने आपल्या आईकडे मान वळवली. "आई, बाबांना तिखट चालतं?"

रेवतीने वाटी खाली ठेवली. "चालायचं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आता काय माहीत. तीन वर्षं झाली."

त्यानंतर कुणी फारसे बोलले नाही. पाहुण्याला ते चालण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शलाका आमटी घेऊन आली तर दोन पाट जास्तीचे. तिसावे अध्यक्ष एका बाजूला सरकवले होते, आणि त्यांच्याशेजारी जुईने आणखी एक ताट ठेवले होते. त्यामागे काही उभे केलेले नव्हते.

"हे कुणाचं?" सासूबाईंनी विचारले.

"बाबांचं."

सासूबाईंचा चेहरा पार उतरला. "उचल ते. जिवंत माणसाचं असं रिकामं पान मांडायचं नसतं. मास्तरांना म्हणावं, पुरे झालं तुमचं. मी तोंड मिटून बघत होते, परका होता म्हणून. माझ्या मुलाचं पान मांडता? उचल म्हणते ना."

जुई हलली नाही. तिने फक्त कॉलर तोंडात घेतली. आठवडाभरात ती प्रथमच घेतली, हे शलाकाच्या ध्यानात आले. रेवती खाली मान घालून बसली होती. कुणीतरी बोलणे भाग होते, आणि अशा वेळी बोलणाऱ्यांपैकी शलाका नव्हती. तिच्या हातात आमटीचे भांडे होते, ते चटके देत होते. कदाचित त्यामुळेच असेल.

"मग रिकामं कशाला ठेवायचं, आई?" ती म्हणाली. "भरू या ना. तुम्ही सांगा, मी वाढते. भाऊजींना आधी काय लागतं?"

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. बाहेर कुणाच्या तरी कूलरचे पाणी ठिबकत होते.

"लोणचं," त्या शेवटी म्हणाल्या. "आधी लोणचं. भाताच्या डाव्या अंगाला नको, वर. मग भात. भातात खड्डा करून त्यात आमटी. बाहेर ओघळली तर जेवायचा नाही. कारलं असलं की खिशात भरायचा मेला. धुण्याला टाकलेल्या सगळ्या चड्ड्यांच्या खिशात कारलं."

"बाबा?" निहार म्हणाला.

"मग कोण, हा अध्यक्ष?" त्या येऊन पाटावर बसल्या. पदराने नाक पुसले आणि आमटीचे भांडे शलाकाच्या हातातून स्वतः घेतले. "पाचवीपर्यंत अंधाराला भ्यायचा तुझा बाप. मागच्या अंगणात जायचं तर मला दारात उभं करून गाणं म्हणायला लावायचा."

"मला त्यांनी हे कधी सांगितलं नाही," रेवती म्हणाली.

"तू विचारलं नसशील. आणि तो सांगणाराही नाही."

त्या रात्री जेवणे बराच वेळ चालली. कौस्तुभचे ताट निहारने आणि जुईने मिळून संपवले. खड्ड्यातली आमटी बाहेर ओघळू न देता.

रविवारी सकाळी फोन वाजला. कौस्तुभच्या मागे पिवळा दिवा दिसत होता. तिकडे शनिवारची रात्र होती. "हं, निहार. किती झाले?"

"सतराच," निहार म्हणाला. "पण मला रॅकूनचं माहितेय."

"कशाचं? बरं, जुई कुठेय? पडद्यामागे का?"

जुई पडद्यामागे नव्हती. ती फोनपुढे येऊन बसली होती, इतकी जवळ की कौस्तुभना तिचे एक नाक आणि दीड डोळा दिसत असणार. "मला एकच येतो," ती म्हणाली. "कॅल्विन कूलिज. तो बोलत नाही, पण रुसलेला नाहीये."

"एकच? आणि बाकीचे?"

"बाकीचे मास्तरांच्या गादीखाली आहेत."

कौस्तुभनी फोन कानाशी नेला, पुन्हा समोर धरला. शलाका मागे उभी होती. तक्त्याबद्दल काय सांगायचे याची वाक्ये तिने मनात दोन-तीन वेळा जुळवली आणि मोडली.

"बाबा," जुई म्हणाली, "तुम्ही जेवलात?"

"हो."

"कुणाशेजारी बसून?"

पडद्यावरचा चेहरा इतका स्थिर झाला की रेवतीला वाटले नेटवर्क गेले. मग तो हलला. "कुणाशेजारी नाही गं. ओट्याशी उभ्यानंच खातो. एकट्यासाठी कोण मांडून बसतं?"

"भातात खड्डा करता?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं. कारल्याचं पण सांगितलं. आणि अंधाराचं." ती आणखी पुढे झुकली. "तिथे अंधार असतो का रात्री?"

"असतो," कौस्तुभ म्हणाले.

"मी आले की दारात उभी राहीन. मला गाणी येतात. नावं येत नाहीत, पण गाणी येतात."

कौस्तुभनी फोन वळवला. एक ओटा, एक ताटली, एक खुर्ची दिसली. खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. तो ढीग त्यांनी एका हाताने उचलून खाली ठेवला. "ही बघ," पडद्याबाहेरून त्यांचा आवाज आला, "ही रिकामी केली. आणखी तीन आणतो उद्या." त्या दिवशी त्यांनी नावे विचारली नाहीत. 

दुपारी जुईने फ्रॉक, मोजे आणि ससा बॅगेत नेऊन ठेवले. सशाची घडी घातली नाही. त्याला सगळ्यांत वर बसवले, म्हणजे त्याला दिसेल.

सोमवारी पाचला शलाका वर्तमानपत्र घेऊन मास्तरांकडे गेली. झाले ते सांगितले. मास्तर ऐकत होते की झोपले होते ते कळत नव्हते. डोळे मिटलेले होते. ती थांबल्यावर ते बोलू लागले.

"मी दहा वर्षांचा असताना शिकायला या गावी आलो. वडील नव्हते. सात घरी वार लावून जेवत असे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, असं. निघताना आईने मला सातही घरांच्या कर्त्या माणसांची नावं पाठ करून दिली होती, गोत्रासकट. पहिल्याच दारात सगळी विसरलो. उभा राहून रडायला लागलो. त्या घरच्या बाईने नाव विचारलंच नाही. म्हणाली, तिखट चालतं का रे तुला? संपलं. ते घर माझ्या मनात बसलं ते अजून उठलेलं नाही. सोमवारच्या आमटीत गूळ जास्त असे. बुधवारी एक आजोबा आपला पहिला घास माझ्या ताटात टाकत. शुक्रवारच्या घरी ताट मिळे, पण कुणी अवाक्षर बोलत नसे. मला वाटे, मी त्यांना नकोसा आहे. दोन वर्षांनी कळलं, त्यांचा माझ्याएवढा मुलगा गेला होता आणि मी त्याच्या पाटावर बसत होतो. शलाका, नाव शेवटी येतं. आधी माणूस पंगतीला बसावा लागतो. तो बसला, की नाव त्याच्या मागून आपण होऊन चालत येतं. आपण नाव आधी बोलावतो आणि माणसाला बाहेर उभा ठेवतो, म्हणून पोरं दमतात. मोठीही दमतात."

शलाकाने वर्तमानपत्राची घडी उलगडली. जाड पुस्तकातले एक पान तिला आठवत होते, जे तिने मुलांना वाचून दाखवले नव्हते. तिसाव्या अध्यक्षाचा सोळा वर्षांचा मुलगा तो पदावर असतानाच वारला होता. टेनिस खेळताना पायाला आलेल्या एका फोडाने. त्यानंतर तो आणखीच गप्प झाला, असे त्यात लिहिले होते.

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

"सांगितलं असतं, तर तू ते पाठ केलं असतंस," मास्तर म्हणाले.

त्यांनी गादीखालून गुंडाळी काढून तिच्या हातात दिली. "बॅगेत घाल. घाई नाही म्हणावं. चव्वेचाळीस पाहुणे राहिलेत, बाप-लेक मिळून बोलावतील एकेकाला." मग कूस बदलत त्यांनी सहज विचारले, "तुझ्या नवऱ्याला कशी लागते गं आमटी?"

शलाकाने उत्तरासाठी तोंड उघडले आणि तिच्या लक्षात आले, की उत्तर नाही. पराग येई त्या शनिवारी पहिल्या पंगतीला तो आणि मुले बसत. ती वाढत असे. तो जे वाढले ते संपवून उठत असे. मग मागून ती जेवत असे, सासूबाई आणि रेवतीताईंबरोबर. त्याचे नाव तिला एकवीस प्रकारांनी घेता येत होते. दोन प्रकारांत चांदीची वाटीही होती.

"पेपर वाचू?" ती म्हणाली.

"वाच," मास्तर म्हणाले.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पराग आला. नेहमीसारखा दमलेला, नेहमीसारखा कमी बोलणारा. सहा महिने तिला वाटत आले होते, की तो जरा नाराजच असतो. शलाकाने पाने घेतली. तिसावे अध्यक्ष आता बॅगेत गेले होते, त्यांची जागा मोकळी होती. तिथे, परागच्या शेजारी, तिने आपला पाट मांडला आणि बसली.

सासूबाईंनी एकदा पाहिले. वाढण्याचा डाव त्यांनी स्वतःच उचलला आणि तुपाचे भांडे दोघांच्या मधे सरकवले.

"अहो," शलाका म्हणाली, "तुम्हाला आमटीत गूळ कमी लागतो का जास्त?"

परागने घास थांबवून तिच्याकडे पाहिले. घरातले सगळे ऐकत होते, म्हणून तो हळू बोलला.

"खरं सांगू? कमी," तो म्हणाला. "पण सहा महिन्यांत कुणी विचारलंच नाही."